नारिंगी शर्टाचा तगादा

30 सप्टेंबर 2021 हा कॅनडाचा पहिला ‘सत्य आणि समेटाचा राष्ट्रीय दिवस’. निवासी शाळांमधून परत न आलेल्या आणि परत येऊनही कधी पुरते घरी न पोचलेल्या आदिवासी मुलांच्या आठवणीचा दिवस. त्या दिवशी शाळा, ऑफिसं, टीव्हीवरचे निवेदक असं जिकडे बघावं तिकडे नारिंगी झालं होतं. आणि ज्यांच्या सरकारनं हा दिवस जाहीर केला ते पंतप्रधान जस्टिन ट्रुडो त्याच दिवशी टोफिनो नावाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावात कुटुंबासोबत सुट्टी घालवायला गेले होते. कॅम्लूप्सच्या आदिवासी समाजानं त्यांना बोलावलं होतं, पण ते गेले नाहीत. बोंबाबोंब झाल्यावर माफी मागितली आणि ऑक्टोबरमध्ये जाऊन आले.

ट्रुडोंवर तेव्हा सगळे तुटून पडले. मला मात्र वाटतं, त्या दिवसाचा खरा अर्थ त्यांनीच सगळ्यात प्रामाणिकपणे दाखवून दिला. सरकारी यंत्रणेला तो दिवस कॅलेंडरवरचा लाल चौकोन म्हणूनच कळला होता. बाकीच्यांनी नारिंगी शर्ट घालून तो साजरा केला आणि ट्रुडोंनी समुद्रकिनाऱ्यावर जाऊन. एवढाच फरक.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नारिंगी शर्ट हा श्रद्धांजलीचा कपडा म्हणून जन्मला नाही. तो तगादा आहे. कुणाचं तरी देणं थकलंय आणि घेणेकरी दारात येऊन उभा आहे, हे सांगणारा तो कपडा आहे. गेल्या काही वर्षांत कॅनडानं कमाल अशी केली की ज्याच्याकडे देणं थकलंय त्यानंच तो शर्ट अंगात घातला आणि घेणेकऱ्यांच्या गर्दीत जाऊन उभा राहिला. आता तगादा लावायचा कुणाकडे?

शर्ट काढून घेतला, म्हणजे नेमकं काय घेतलं

गोष्ट अनेकांनी रीलमध्ये पाहिली असेल, तरी थोडक्यात सांगते. फिलिस वेबस्टॅड ब्रिटिश कोलंबियातल्या श्वेपेम्क समाजाच्या. 1973 मध्ये त्या सहा वर्षांच्या होत्या. शाळेत जायचं म्हणून आजीनं त्यांना दुकानात नेलं आणि त्यांनी स्वतः एक झगझगीत नारिंगी शर्ट निवडला. सेंट जोसेफ्स मिशन या निवासी शाळेत पहिल्याच दिवशी त्यांच्या अंगावरचे कपडे उतरवले गेले. तो शर्ट त्यांना पुन्हा कधी घालायला मिळाला नाही. 2013 मध्ये विल्यम्स लेक या गावात त्यांनी ही आठवण सर्वांसमोर सांगितली आणि त्याच वर्षी 30 सप्टेंबरला पहिला ‘ऑरेंज शर्ट डे’ पाळला गेला. तारीख सप्टेंबरमधली, कारण मुलांना घरातून उचलून नेण्याचा मोसम तोच असायचा.

इथपर्यंत ही एका मुलीची गोष्ट वाटते, आणि तिचा घोळ इथेच होतो. ‘बिचारीचा शर्ट घेतला’ असं म्हणून आपल्या डोळ्यांत पाणी येतं आणि मोकळं वाटतं. पण कपडे उतरवणं हा कुणा एका खाष्ट ननचा दुष्टपणा नव्हता. ती कार्यपद्धती होती. 1880 च्या दशकापासून 1990 च्या दशकापर्यंत दीड लाखाहून जास्त मुलं या शाळांतून गेली. पैसा सरकारचा आणि कारभार चर्चचा. आल्याबरोबर केस कापायचे, घरचे कपडे काढून घ्यायचे, गणवेश द्यायचा, कित्येक ठिकाणी नावाऐवजी नंबर द्यायचा, आणि घरची भाषा तोंडातून आली की शिक्षा करायची. भाऊ-बहीण एकाच शाळेत असले तरी त्यांना वेगळं ठेवायचं. 1920 मध्ये कायदा असा बदलला की आई-बापांना नाही म्हणायची सोय उरली नाही.

सरकारला याची लाज वाटत नव्हती, उलट अभिमान होता. कॅनडाच्या इंडियन अफेअर्स खात्याच्या 1896 सालच्या वार्षिक अहवालात एका मुलाचे दोन फोटो शेजारी-शेजारी छापले आहेत. नाव थॉमस मूर, रजायना इंडस्ट्रियल स्कूल. एका फोटोत लांब केस आणि पारंपरिक पोशाख, दुसऱ्यात बारीक कापलेले केस आणि गणवेश. शाळेत येण्यापूर्वी आणि आल्यानंतर. आजच्या वजन घटवण्याच्या जाहिरातीसारखाच प्रकार. मुलगा किती शिकला, काय वाचू लागला, हे फोटोत दिसणं शक्य नव्हतं. त्यामुळे ‘सुधारणा’ झाल्याचा पुरावा म्हणून सरकारनं कपडे दाखवले.

कपड्यांना घाबरणारं सरकार

आता यापुढची गोष्ट, जी टी-शर्टावर छापलेली नसते.

1884 मध्ये कॅनडानं इंडियन अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती करून ‘पॉटलॅच’वर बंदी घातली. पॉटलॅच हा पश्चिम किनाऱ्यावरच्या समाजांचा सोहळा. त्यात नाच, जेवणावळी, मुखवटे, विणलेली-शिवलेली वस्त्रं आणि पाहुण्यांना वाटलेल्या भेटी असतात. बाहेरच्याला ही नुसती जत्रा वाटेल. पण कुठलं नाव कुणाकडे गेलं, कुठल्या नाचावर, कुठल्या कुलचिन्हावर, कुठल्या जागेवर कुणाच्या घराण्याचा हक्क आहे, हे तिथे चारचौघांत जाहीर होतं. भेट घेतलेला पाहुणा हा साक्षीदार असतो. भेट स्वीकारली याचा अर्थ, तुमचा हक्क मी पाहिला आणि मान्य केला. अंगावरच्या वस्त्रावर असलेलं चिन्ह ही तिथे नक्षी नसते. आपल्या भाषेत सांगायचं तर तो सातबारा असतो, फक्त तलाठ्याच्या दप्तरात न ठेवता खांद्यावर घातलेला.

1914 मध्ये कायदा आणखी पुढे गेला. पश्चिमेकडच्या प्रांतांत आदिवासींनी सरकारी परवानगीशिवाय आपला पारंपरिक पोशाख घालून कुठल्याही प्रदर्शनात, खेळात किंवा मिरवणुकीत भाग घेणं गुन्हा ठरलं. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. स्वतःच्या समाजाचा पोशाख घालून लोकांसमोर येण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागत होती.

1921 च्या नाताळाच्या सुमारास क्वाक्वाकावाक्व समाजातल्या डॅन क्रॅन्मर यांनी व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच केला. पोलिसांनी धरपकड केली आणि सौदा पुढे ठेवला की मुखवटे आणि सोहळ्याची वस्त्रं सरकारजमा करा, नाहीतर तुरुंगात जा. ज्यांनी ऐकलं नाही ते तुरुंगात गेले. जमा झालेल्या वस्तू कुठे गेल्या? ओटावाच्या आणि टोरोंटोच्या म्युझियममध्ये, काही न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाकडे. म्हणजे ज्या वस्तू आदिवासींच्या अंगावर गुन्हा ठरत होत्या त्याच काचेच्या कपाटात ठेवल्या की ‘कला’ होत होत्या.

ही बंदी 1951 मध्ये कायद्यातून गळली. वस्तू परत मिळवायला त्यानंतरही पिढी गेली. 1980 मध्ये अलर्ट बे इथे त्यांच्यासाठी उमिस्ता कल्चरल सेंटर उघडलं. उमिस्ता या शब्दाचा अर्थच ‘महत्त्वाचं काही परत येणं’ असा आहे. हे केंद्र ज्या गावात आहे त्याच गावात सेंट मायकल्स ही निवासी शाळा होती. एकीकडे थोरांच्या अंगावरचे कपडे जप्त होत होते आणि दुसरीकडे पोरांच्या. कारण एकच. कपडा अंगावर राहिला तर हक्क लक्षात राहतो.

म्हणून मी म्हणते, कपड्यात काय ताकद असते हे आजच्या नारिंगी शर्टवाल्यांपेक्षा शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारला जास्त चांगलं कळत होतं. त्यांनी कपडे घाबरून जप्त केले. आज तेच सरकार कपडे हसतमुखानं घालतं. घाबरायचं कारण संपलं म्हणून घालतं का, एवढंच विचारायचं आहे.

अट घालणारे जोडे

तर मग कला आणि कपडे समेटाच्या कामाचेच नाहीत का? आहेत. पण त्यांच्यात एक अट असावी लागते. तीन उदाहरणं देते.

पहिलं उदाहरण जोड्यांचं. मार्च 2022 मध्ये कॅनडातल्या आदिवासींचं शिष्टमंडळ व्हॅटिकनला गेलं. त्यात सॅस्काचेवानच्या ओकानीस समाजाच्या माजी प्रमुख मारी-अ‍ॅन डे वॉकर-पेल्टिये होत्या. त्यांनी पोप फ्रान्सिस यांच्या हातात लहान मुलांच्या मोकॅसिनचे, म्हणजे मऊ चामड्याच्या जोड्यांचे, दोन जोड ठेवले आणि सांगितलं की ही भेट नाही, हे जोडे कॅनडात येऊन परत करायचे. 25 जुलै 2022 रोजी आल्बर्टातल्या मास्क्वाचीस इथे पोप आले, त्यांनी माफी मागितली आणि जोडे परत केले. दोन लहान जोडांनी चर्चच्या सर्वोच्च माणसाच्या गळ्यात तारीख अडकवली. याला म्हणतात तगादा.

त्याच दिवशी त्याच ठिकाणी दुसरीही एक गोष्ट झाली. माफीनंतर विल्टन लिटलचाइल्ड यांनी पोपच्या डोक्यावर पिसांचा मानाचा शिरपेच ठेवला. लिटलचाइल्ड स्वतः निवासी शाळेतून गेलेले, सत्य आणि समेट आयोगाचे सदस्य राहिलेले. आपल्या समाजाच्या वतीनं मान देण्याचा त्यांचा अधिकार मी कोण नाकारणार? पण कित्येक आदिवासींना तो फोटो पाहून राग आला आणि त्यांनी तो बोलून दाखवला. मला तो राग समजतो. जोड्यांनी पोपना कर्ज दिलं होतं. शिरपेचानं पावती दिल्यासारखं दिसलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी कुठला फोटो मोठा छापला, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं उदाहरण ‘विटनेस ब्लँकेट’चं. कॅरी न्यूमन हे क्वाक्वाकावाक्व आणि कोस्ट सॅलिश वंशाचे कलाकार, त्यांचे वडील निवासी शाळेतून गेलेले. न्यूमननी बारा मीटर लांबीचं, देवदार लाकडाच्या चौकटींचं एक ‘पांघरूण’ केलं. पांघरूण देणं हा तिकडे मान देण्याचा, सांभाळण्याचा प्रकार आहे. या पांघरुणात देशभरच्या निवासी शाळा, चर्च आणि सरकारी इमारतींमधून गोळा केलेल्या आठशेहून जास्त वस्तू आहेत. शाळेचं दार, लहान मुलाचा बूट, कापलेल्या वेण्या. 2019 मध्ये विनिपेगच्या मानवी हक्क संग्रहालयाशी त्याचा करार झाला, आणि तो करार वाचण्यासारखा आहे. संग्रहालय या कलाकृतीचं मालक नाही. न्यूमनही मालक नाहीत. हक्क त्या पांघरुणाचेच आहेत आणि दोघं फक्त राखणदार आहेत. विकत घेऊन कपाटात ठेवायची सोयच नाही. क्रॅन्मरच्या जप्त मुखवट्यांना शंभर वर्षांनी मिळालेलं हे उत्तर आहे असं मला वाटतं.

तिसरं उदाहरण साधं आहे. डिसेंबर 2020 मध्ये सॅस्काचेवानमधली दहा वर्षांची एक मुलगी शाळेच्या ‘फॉर्मल’ कपड्यांच्या दिवशी रिबन स्कर्ट घालून गेली. रिबन स्कर्ट म्हणजे रंगीत फितींच्या ओळी लावलेला, मानाच्या प्रसंगी घालायचा घागरा. हा काही फॉर्मल नाही, असं तिला शाळेत ऐकवलं गेलं. घरच्यांनी ते गिळलं नाही. देशभरच्या बायका रिबन स्कर्ट घालून तिच्या मागे उभ्या राहिल्या, शाळा प्रशासनाला माफी मागावी लागली आणि 2023 पासून 4 जानेवारी हा राष्ट्रीय रिबन स्कर्ट दिवस झाला. 2020 मध्ये, निवासी शाळा संपून वीस-पंचवीस वर्षं झाल्यावर, शाळेनं पुन्हा एका आदिवासी मुलीच्या कपड्यांवर बोट ठेवलं होतं. फरक एवढाच की या वेळी मुलगी संध्याकाळी घरी गेली आणि घरच्यांना सांगू शकली.

बाजारानं काय केलं

मे 2021 मध्ये कॅम्लूप्सची बातमी आली. तिथल्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात जमिनीखाली बघणाऱ्या रडारनं दोनशेहून जास्त संभाव्य कबरींच्या खुणा दाखवल्या होत्या. नारिंगी शर्टांची मागणी एकदम वाढली, आणि काही दिवसांत ऑनलाइन दुकानांत कुणीही उठून ते विकू लागलं. आदिवासी कलाकारांची डिझाइनं त्यांना न विचारता उचलली, कुठेतरी छापली आणि समाजमाध्यमांवर जाहिरात करून विकली. ना ऑरेंज शर्ट सोसायटीला पैसा, ना कलाकाराला, ना शाळांमधून वाचलेल्यांना. ज्या शर्टाची गोष्ट ‘माझं होतं ते काढून घेतलं’ अशी आहे, तो शर्टच काढून घेतला गेला. वारली चित्रांच्या कुर्त्यांचे ढीग पाहिलेल्या पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा धंदा वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

चोर ऑनलाइनवालेच होते असंही नाही. 2010 च्या व्हँकूवर हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी हडसन्स बे कंपनीनं स्मरणवस्तू म्हणून जे स्वेटर बाजारात आणले ते हुबेहूब काउइचन स्वेटरसारखे दिसत होते. काउइचन बायका व्हँकूवर बेटावर पिढ्यान्‌पिढ्या जाड लोकरीचे हे स्वेटर विणतात. ऑलिंपिकचे स्वेटर त्यांनी विणलेले नव्हते. आरडाओरडा झाल्यावर तडजोड झाली आणि अस्सल स्वेटर कंपनीच्या व्हँकूवरच्या दुकानात ठेवायची परवानगी त्यांना मिळाली. परवानगी! 1670 साली इंग्लंडच्या राजानं जिला न पाहिलेल्या भूभागाची सनद लिहून दिली, त्या कंपनीकडून.

हिशोबाची वही

2015 मध्ये मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगानं आपलं काम संपवलं. निवासी शाळांच्या धोरणाला त्यानं ‘सांस्कृतिक वंशसंहार’ म्हटलं आणि 94 मागण्यांची यादी दिली. 71 ते 76 या मागण्या मेलेल्या आणि बेपत्ता मुलांबद्दल आहेत. नोंदी द्या, कबरी शोधा, घरच्यांना सांगा. 80 वी मागणी सार्वजनिक सुट्टीची आहे.

कॅम्लूप्सची बातमी आली 27 मे 2021 रोजी. सुट्टीचं विधेयक कायदा झालं 3 जूनला. आठवडाभरात! टोरोंटोतली येलोहेड इन्स्टिट्यूट ही आदिवासी संशोधकांची संस्था या 94 मागण्यांचा हिशोब ठेवत होती. तिच्या मोजणीत 2023 अखेरपर्यंत 13 मागण्या पूर्ण झाल्या होत्या आणि त्या संपूर्ण वर्षात एकही नवी पूर्ण झाली नव्हती. ज्या झाल्या त्यांत सोप्या आणि प्रतीकात्मक गोष्टींचा भरणा आहे, हेही संस्थेनं वारंवार लिहिलं. 2024 च्या उन्हाळ्यात तर कबरी शोधणाऱ्या समाजांना मिळणाऱ्या निधीवरच सरकारनं वर्षाला पाच लाख डॉलरची मर्यादा घातली. टीका झाल्यावर ऑगस्टमध्ये ती मागे घ्यावी लागली. सप्टेंबरअखेर पुन्हा सगळे नारिंगी होतेच.

कॅथलिक संस्थांचा हिशोब वेगळा. 2006 च्या समझोत्यात त्यांनी शाळांमधून वाचलेल्यांसाठी अडीच कोटी डॉलर जमवायचा प्रयत्न करू असं कबूल केलं. जमले चाळीस लाखांहूनही कमी. पुढे न्यायालयातून त्यांची त्या बांधिलकीतून सुटका झाली. 2021 च्या नामुष्कीनंतर बिशपांनी तीन कोटींचा नवा शब्द दिला.

आणि मुलं? ती अजून घरातून उचलली जातात, फक्त खात्याचं नाव बदललंय. 2021 च्या जनगणनेनुसार कॅनडातल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये आदिवासी मुलं 7.7 टक्के आहेत. पालक-घरांत, म्हणजे सरकारनं आई-बापांपासून काढून दुसऱ्यांकडे ठेवलेल्या मुलांमध्ये, ती 53.8 टक्के आहेत. 2016 मध्ये कॅनडाच्या मानवी हक्क न्यायाधिकरणानं निकाल दिला की सरकार आदिवासी मुलांच्या सेवांना कमी पैसा देऊन भेदभाव करत आलं आहे. ही तक्रार 2007 साली सिंडी ब्लॅकस्टॉक यांची संस्था आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स यांनी दाखल केली होती, आणि सरकार वर्षानुवर्षं तिच्याविरुद्ध कोर्टात लढत राहिलं. 30 सप्टेंबरला मंत्री नारिंगी घालत होते तेव्हाही त्यांचे वकील लढतच होते. वकिलांचा कोट काळा असतो.

दोन शहाणे

यावर दोन प्रकारचे लोक बोलतात. दोघांनाही उत्तर द्यायला हवं.

पहिला म्हणतो, “मग कशाला घालायचा शर्ट? सगळं नाटक आहे.” हा माणूस स्वतःला फार हुशार समजतो, पण त्याच्या हुशारीतून निघतं काय? शर्ट न घालण्याचा आळस. 2013 पासून शाळांमधून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांनी गावोगावी जाऊन शाळकरी पोरांना आपल्या गोष्टी सांगितल्या. त्या शर्टामुळे वर्गाचं दार उघडलं. कॅनडात शिकून मोठ्या झालेल्या कित्येक पिढ्यांना या शाळांचं नावही माहीत नव्हतं, आज दुसरीतल्या पोराला माहीत आहे. हे काम शर्टानं केलंय. नाटक शर्टात नाही, शर्ट घालून गप्प बसण्यात आहे.

दुसरा जास्त धोकादायक. तो म्हणतो, “कॅम्लूप्सला अजून एक तरी हाड सापडलं का? सगळा बनाव.” याला शांतपणे उत्तर द्यावं. रडार हाडं दाखवत नाही, जमीन कुठे हलवली गेली आहे ते दाखवतो. म्हणून ‘संभाव्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे आणि तो गाळू नये. ‘सामूहिक कबर’ हा शब्द काही माध्यमांनी वापरला, तो त्या समाजाचा नव्हता. खणायचं की नाही, कधी आणि कसं, हे ज्यांची मुलं गेली ते ठरवतील. पण मुलं मेली याचा पुरावा कॅम्लूप्सवर टेकलेला मुळी नाहीच. रडार यायच्या आधीच आयोगाच्या कामातून आणि त्यानंतर राष्ट्रीय केंद्राच्या नोंदींतून चार हजारांहून जास्त मृत्यूंची नोंद झाली आहे. त्याच्याही शंभर वर्षं आधी, 1907 मध्ये, सरकारचेच वैद्यकीय अधिकारी पीटर ब्राइस यांनी शाळांमधल्या क्षयरोगाचा आणि मृत्यूंचा अहवाल दिला होता. सरकारनं त्यांच्या सूचना बाजूला ठेवल्या. 1922 मध्ये त्यांनी स्वतः पुस्तिका छापली आणि तिच्या नावातच या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा म्हटलं. तेव्हा ‘पुरावा कुठे’ विचारणाऱ्यानं आधी सांगावं की आजवर आलेल्या पुराव्यांचं काय केलं.

मिसिसागातले आपण

आता आपल्याकडे येते. टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन इथे मराठी माणसं काही कमी नाहीत. गणपती बसतात, ढोल-ताशा वाजतो, दिवाळी अंकही पोचतात. पोरांच्या शाळेतून सप्टेंबरात निरोप येतो की उद्या नारिंगी घालून पाठवा. मग रात्री घाईघाईनं शर्टाची ऑर्डर जाते आणि एक वाक्य ऐकू येतं, “हे गोऱ्यांनी केलेलं पाप आहे, आपला काय संबंध? आपण तर काल आलो.”

संबंध आहे, आणि तो लेखी आहे. आयोगाची शेवटची, 94 वी मागणी नागरिकत्वाच्या शपथेबद्दल होती. जून 2021 मध्ये ती पूर्ण झाली. तेव्हापासून कॅनडाचा नागरिक होणारा प्रत्येक जण शपथेत म्हणतो की राज्यघटना फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी लोकांचे मूळ हक्क आणि करारांमधले हक्क मान्य करते आणि ती मी पाळीन. डोंबिवलीहून गेलेला इंजिनिअर असो की नागपूरहून गेलेली नर्स, ही शपथ घेतली की थकलेल्या देण्यावर आपलीही सही झाली. आपण काल आलो हे खरं, पण राहतो त्या जमिनीवरच. मिसिसागा हे शहराचं नाव ज्यांचं आहे ते लोक आजही आहेत. टोरोंटोची जमीन 1805 च्या करारात दहा शिलिंगांना घेतल्याची नोंद आहे. मिसिसागाज ऑफ द क्रेडिट समाजानं हा प्रश्न लावून धरला आणि 2010 मध्ये, दोनशे वर्षांनी, साडेचौदा कोटी डॉलरचा समझोता झाला. तगादा लावला तर उत्तर येतं. उशिरा येतं, पण येतं.

म्हणून शर्ट जरूर घाला. तो ऑरेंज शर्ट सोसायटीकडून किंवा एखाद्या आदिवासी कलाकाराकडून, त्याचं नाव विचारून घ्या. शर्ट स्वस्त मिळतोय म्हणजे कुणाचा तरी वाटा कापलाय, हे आपल्याला बाजारात रोज कळतं, इथेही कळायला हरकत नाही. ऑन्टारिओत ही प्रांताची सार्वजनिक सुट्टी नाही, त्यामुळे बहुतेकांना त्या दिवशी कामावर जावंच लागेल. तर जवळच्या रविवारी पोरांना घेऊन ब्रँटफर्डला जा. तिथे मोहॉक इन्स्टिट्यूट ही निवासी शाळा 1970 पर्यंत चालू होती. ती इमारत पाडायची की ठेवायची यावर सिक्स नेशन्सच्या लोकांनी विचार केला आणि ठेवायची ठरवली. पुरावा राखायचा म्हणून. गाडीनं तासाभराचं अंतर आहे, नायगारापेक्षा जवळ.

आणि निवडणुकीत मत मागायला दारात कुणी आलं, की त्याला नारिंगी शर्टाबद्दल विचारू नका. तो घालतोच. 71 ते 76 या मागण्यांचं काय झालं ते विचारा. पालक-घरांतली आदिवासी मुलं कमी व्हावीत म्हणून त्याच्या पक्षानं कुठल्या वर्षी किती पैसे ठेवले ते विचारा. उत्तर लिहून घ्या आणि पुढच्या वेळी तो आला की वही काढून दाखवा.

सहा वर्षांच्या मुलीकडून काढून घेतलेला शर्ट परत देता येणार नाही. पण तिनं चाळीस वर्षांनी दिलेली आठवण फुकट वापरायचा हक्कही कुणाला नाही. ती वापरायची तर भाडं द्यावं लागेल, आणि ते दर महिन्याला द्यावं लागेल, फक्त सप्टेंबरात नाही.